शेतावरचा आप्त

कर्जतच्या भात संशोधन केंद्राची सुरुवात १९१९ सालची. १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे हे केंद्र त्या विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले. कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७ ही वाणांची नावे कोकणातल्या भातशेतकऱ्याला तोंडपाठ आहेत. ‘सह्याद्री’ हा संकरित भात १९९८ मध्ये प्रसारित झाला तोही इथूनच. यातल्या प्रत्येक वाणामागे आकड्यांचा एक तक्ता असतो. किती दिवसांत तयार होतो, हेक्टरी किती उतरतो, करप्याला आणि तुडतुड्याला किती दाद देतो, दाणा कसा, तांदूळ किती मोडतो, हे सगळे त्यात येते. तक्ता विद्यापीठाच्या बैठकीत मांडला जातो, त्यावर चर्चा होते आणि मग वाणाला मान्यता मिळते. शेतकरी त्या मान्यतेवर विसंबून एका हंगामाचे पोट पणाला लावतो. म्हणून एक प्रश्न विचारलाच पाहिजे: तक्त्यातला आकडा खरा आहे हे आपल्याला कळते कशावरून? हा प्रश्न शेतीशास्त्राइतकाच तत्त्वज्ञानाचा आहे. आपल्या परंपरेत प्रमाणशास्त्र या नावाने त्याचा दीड हजार वर्षांहून अधिक काळ काथ्याकूट झालेला आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर शोधू गेले तर ते अशा माणसांपाशी नेऊन सोडते, ज्यांची नावे तक्त्याखाली सहसा नसतात.

या माणसांची कामे आधी जवळून पाहिली पाहिजेत. भाताच्या दोन वाणांचा संकर करायचा म्हणजे काय होते? भाताचे फूल स्वतःच स्वतःला फळवते. त्यामुळे मादी म्हणून निवडलेल्या लोंबीतल्या प्रत्येक फुलातून परागकोश आधी काढून टाकावे लागतात. फूल काही मिलिमीटरचे आणि त्यात परागकोश सहा. आदल्या दिवशी दुपारनंतर किंवा भल्या सकाळी, फुले उमलायच्या आत, तुसाचा वरचा भाग कात्रीने तिरका छाटायचा आणि चिमट्याने सहाच्या सहा परागकोश उचलायचे. एक राहिला किंवा फुटला तरी ते फूल संकरातून बाद. मग लोंबीवर कागदी पिशवी चढवायची. सकाळी ऊन वर आले आणि नराची फुले उमलली की पिशवी उघडून त्याची लोंबी वर झटकायची, पुन्हा पिशवी बांधायची आणि चिठ्ठीवर आई-बापाची नावे व तारीख लिहून ती दोऱ्याने अडकवायची. एवढ्या खटाटोपानंतर फळलेल्या एका फुलातून एकच दाणा मिळतो. त्या दाण्यापासून पुढच्या आठ-दहा पिढ्यांची निवड, मग केंद्रावरच्या चाचण्या, मग १९६५ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पातल्या चाचण्या, मग शेतकऱ्यांच्या खाचरातले प्रयोग अशी दहा-बारा वर्षांची वाट असते. त्या वाटेवर चिठ्ठी एकदा चुकली की पुढचे सगळे गणित चुकते, आणि ती चूक वरून पाहणाऱ्याला कधी दिसतही नाही.

चाचणीच्या वाफ्यांचेही तसेच. एका प्रयोगात वीस वाण आणि प्रत्येकाच्या तीन-चार पुनरावृत्त्या धरल्या तर साठ-ऐंशी वाफे होतात. कर्जतचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा. बांध फुटतो, एका वाफ्यातले पाणी दुसऱ्यात जाते, खेकडा बांधाला भोक पाडतो, उंदीर कोपरा खातो. कापणीच्या वेळी कडेच्या ओळी सोडून आतल्या तेवढ्या कापायच्या, भारा वेगळा बांधायचा, वेगळा झोडायचा, वेगळा वाळवायचा, ओलावा मोजायचा आणि मग काट्यावर ठेवायचा. ही कामे करतात ते संशोधन सहायक, कृषी सहायक आणि रोजंदारीवरचे स्त्री-पुरुष. त्यांच्यामागे पंप चालवणारा, बियाण्याचे शीतगृह सांभाळणारा, पर्जन्यमापकातले पाणी सकाळी साडेआठला मोजून लिहिणारा आणि संगणकावर आकडे चढवणारा. पैदासकाराच्या टेबलावर शेवटी येतो तो एक आकडा: या वाफ्याला इतके किलो. साठांपैकी प्रत्येक भारा स्वतः कापून, झोडून, जोखून पाहणे कोणत्याही शास्त्रज्ञाला शक्य नाही. तो तो आकडा मानतो, कारण कुणीतरी तो सांगितलेला असतो. थोडक्यात, शास्त्रज्ञाच्या ज्ञानाचा पाया ज्याला आपण प्रत्यक्ष म्हणतो त्याचा फार थोडा असतो. बहुतांशी तो दुसऱ्याच्या सांगण्यावर उभा असतो.

दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानाला न्यायदर्शनाने शब्दप्रमाण म्हटले आणि प्रत्यक्ष, अनुमान, उपमान यांच्या पंक्तीला बसवले. अट एकच घातली: सांगणारा आप्त असला पाहिजे. आप्त कोण? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने साधारण पाचव्या शतकात याचे उत्तर दिले आहे. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे त्याने जे म्हटले आहे ते आपण पुरेसे लक्षात घेतलेले नाही. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखेच लागू पडते, आणि सगळ्यांचे व्यवहार त्याच बळावर चालतात, असे तो स्पष्ट सांगतो. जन्म, पदवी, भाषा, पगार यांतले काहीही या लक्षणात येत नाही. ज्या समाजात वेद कोणी ऐकावा याचे निर्बंध होते, त्या समाजातल्या एका तर्कशास्त्र्याने विश्वासार्हतेची व्याख्या करताना म्लेच्छालाही ऋषीशेजारी बसवले. ही औदार्याची बाब नव्हती. व्याख्या नीट केली की ती तिथेच जाऊन पोहोचते. नदीचा उतार कुठे आहे हे काठावरच्या कोळ्याने सांगितले तर ते ज्ञान असते, आणि न पाहता पंडिताने सांगितले तर ते ज्ञान नसते.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. संशोधन केंद्रापुढे दोनच पर्याय आहेत. शेतावरचा माणूस आप्त आहे असे मानायचे, किंवा नाही असे मानायचे. तो आप्त नसेल तर त्याने जोखलेला, लिहिलेला, बांधलेला कोणताही आकडा प्रमाण नाही, आणि त्या आकड्यांवर उभा असलेला वाण, शोधनिबंध आणि शिफारस हे सारे अधांतरी आहे. तो आप्त असेल, तर तो जाणणारा आहे. आप्ताच्या लक्षणातली पहिलीच अट स्वतः जाणण्याची आहे. मग त्याला ‘मनुष्यबळ’ या सदरात घालून ज्ञानाच्या हिशेबातून वगळणे हे विसंगत आहे. आकडा घेताना त्याला ज्ञाता मानायचे आणि श्रेय देताना हात मानायचे, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. सहायक कर्मचाऱ्यांच्या सन्मानाचा विषय निघाला की बोलणे दया-माया, कल्याण, दिवाळीची भेट याकडे वळते. मला तो मार्ग अपुरा वाटतो. त्यांना ज्ञाते म्हणून ओळखणे ही संशोधनाच्या खरेपणाचीच अट आहे. ती नाकारणारे केंद्र स्वतःच्याच निष्कर्षांच्या पायाखालची जमीन काढून घेते.

यावर पहिला आक्षेप तर्कशास्त्राचाच येईल. वैशेषिक आणि बौद्ध तर्कशास्त्री म्हणत की शब्द हे वेगळे प्रमाण नाहीच. आपण सांगणाऱ्याच्या भरवशाचे अनुमान करतो, एवढेच. आजचा शास्त्रज्ञही म्हणेल, मी मजुराच्या शब्दावर विसंबत नाही. मी पुनरावृत्त्या घेतो, वाफ्यांची मांडणी चिठ्ठ्या टाकून करतो, संख्याशास्त्राने चूक किती हे काढतो आणि मगच मानतो. आक्षेप वजनदार आहे, पण तो पुरा पडत नाही. पुनरावृत्तीने इकडे थोडे तिकडे थोडे होणाऱ्या चुका एकमेकींना मारतात. सगळ्या वाफ्यांत एकाच दिशेने होणारी चूक तशीच राहते. दोन वाणांच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या असतील तर संख्याशास्त्र त्या चुकीच्या नावालाच मोठ्या खात्रीने सर्वोत्तम ठरवील. शिवाय पुनरावृत्तीतला प्रत्येक आकडा त्याच हातांतून आलेला असतो. सांगण्यावरून सुटका करून घेण्यासाठी आपण आणखी सांगणेच गोळा करतो. आणि अनुमान म्हटले तरी ते कशाचे? सांगणारा जाणकार आणि खरे बोलणारा आहे याचेच. म्हणजे वाद प्रमाणे दोन की चार याचा उरतो. सांगणारा जाणता असायला हवा यावर दोन्ही पक्ष एकच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक रूढ आहे. शेतावरचा माणूस जोखतो, बांधतो, कापतो. हे कौशल्य आहे, ज्ञान नाही. ज्ञान म्हणजे कोणते दोन वाण एकत्र आणायचे आणि का, हे समजणे. कोणत्या वाणांचा संकर करायचा ही पैदासकाराची कल्पना त्याचीच आहे आणि तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण ‘सह्याद्री’चीच वंशावळ पाहा. त्याची मादी आयआर ५८०२५ ए ही ओळ. तिच्यात परागकण वांझ असतात, म्हणूनच तिच्यापासून मोठ्या प्रमाणावर संकरित बियाणे करता येते. हे वांझपण आले चीनमधल्या एका रानभाताच्या रोपातून. संकरित भाताचे जनक युआन लोंगपिंग कित्येक वर्षे अशा रोपाच्या शोधात होते. २३ नोव्हेंबर १९७० रोजी हायनान बेटावर ते सापडले तेव्हा युआन स्वतः बीजिंगमध्ये होते. रोप ओळखले ते त्यांचे सहायक ली बिहू आणि तिथल्या नानहोंग शेतावरचे तंत्रज्ञ फंग कशान यांनी. आपल्या परिसरात रानभात कुठे उगवतो हे फंग यांना ठाऊक होते आणि नेमके काय शोधायचे आहे हे त्यांनी समजून घेतले होते. चांगल्या रोपाचे परागकोश पिवळे, फुगीर असतात. या रोपाचे फिकट आणि सुकलेले होते. शेकडो लोंब्यांत हा फरक दिसणे हे डोळ्यांचे काम खरे, पण काय दिसले याचा निवाडा बुद्धीचा असतो. तो निवाडा झाला नसता तर कल्पना कागदावरच राहिली असती, आणि कर्जतच्या खाचरात ‘सह्याद्री’ आलाच नसता. संकरित भाताचे बियाणे घेताना आजही हेच करावे लागते. वांझ ओळीत चुकून आलेले सुपीक झाड वेळेत ओळखून उपटले नाही तर अख्ख्या बियाण्यात भेसळ होते. ते झाड ओळखणारा माणूस ओळीतून चालता चालता प्रत्यक्ष प्रमाणाचा अतिशय बारीक वापर करत असतो.

कर्जत-खालापूरच्या ठाकूरवाड्यांमध्ये तर हा प्रश्न विशेष टोकदार होतो. ठाकूर आणि कातकरी समाजाची शेती डोंगरउताराची: भात, नाचणी, वरी. भाताचे रोप करण्याआधी पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जमीन भाजायची या पद्धतीला इथे राब म्हणतात. वन खात्याचा तिच्यावर जुना रोष होता, कारण तिच्यासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात, आणि बाहेरून पाहणाऱ्यांना ती अडाणी सवय वाटे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचा प्रयोग करून अभ्यास केला आणि १९१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. राबाचा फायदा नुसत्या राखेच्या खताचा नसतो, माती तापण्याचाही तिच्यावर परिणाम होतो, असे त्यातून पुढे आले. म्हणजे ज्याला सवय म्हणून बाजूला सारले होते, त्यात पडताळून पाहण्याजोगे निरीक्षण होते. पण पडताळणाऱ्यांची नावे ग्रंथात राहिली. ज्यांनी पिढ्यानपिढ्या जमीन भाजून, न भाजून, कमी भाजून पाहिली असेल त्यांचा उल्लेख ‘येथील शेतकरी’ एवढाच. संशोधन केंद्राच्या शेतावर लावणी-कापणीला आसपासच्या गावा-वाड्यांतली माणसे येतात, तेव्हा ती नुसते हात घेऊन येत नाहीत. कोणत्या खाचरात पाणी आधी आटते, कोणत्या बांधाखाली बेणे रुजत नाही, कोणती लोंबी पाखरू आधी गाठते, ही जाण घेऊन येतात.

ही जाण आपल्याला दिसत का नाही, याचे उत्तर केंद्रांच्या नियमावलीपेक्षा आपल्या समाजाच्या रचनेत आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला, तेव्हा या देशात प्रयोगबुद्धी का मावळली याचे एक कारण त्यांनी जातिव्यवस्थेत शोधले. हाताने काम करणारे आणि डोक्याने विचार करणारे यांची ताटातूट झाली, आणि कारागिराचे कौशल्य प्रश्न विचारणाऱ्या बुद्धीपासून तुटले. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये याच्या पुढचे सांगितले: जात ही श्रमांची वाटणी नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि तीही एकाखाली एक अशी उतरंडीची. विद्यापीठाचे आवार आधुनिक असते, तिथली भरती कायद्याने होते, तरीही ‘विचार करणारे’ आणि ‘काम करणारे’ ही रेघ मनात तशीच राहू शकते. पदनामांच्या उतरंडीला आपण नकळत ज्ञानाची उतरंड समजतो. वात्स्यायनाचे लक्षण नेमके इथे उपयोगी पडते, कारण ते परंपरेच्या आतून परंपरेच्याच या सवयीला उत्तर देते.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा. आता स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, ड्रोन आहेत, वजन थेट संगणकात उतरवणारे काटे आहेत. मग माणसाच्या सांगण्यावर विसंबायचे कशाला? यंत्रे आली हे चांगलेच झाले. पण यंत्र साखळी मोडत नाही, तिच्यात कड्या वाढवते. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पान अडकले तर यंत्र निमूटपणे कमी पाऊस नोंदवते. जवळ जाऊन पाहणाऱ्यालाच ते कळते. काटा सपाटीला आहे का, प्रमाण वजन ठेवून तपासला का, वीज गेली तेव्हा शीतगृहाचे तापमान किती वेळ चढले, जनित्र कधी सुरू झाले, संगणकातली नोंद दोनदा तर पडली नाही ना, या सगळ्याचे उत्तर देणारी माणसे तंत्रज्ञ, चालक, नोंदणी करणारे कर्मचारी हीच असतात. पैदासकाराच्या बियाण्याचा साठा पावसाळी दमटपणात बिघडला की वर्षानुवर्षांच्या निवडीवर पाणी पडते. तो साठा कोणत्या अवस्थेत राहिला याचा साक्षीदार शीतगृहातला माणूस असतो. पूर्वी आप्त खाचरात होता; आता तो यंत्रखोलीतही आहे, एवढाच फरक.

चौथा आक्षेप असा: या कामांसाठी माणसे बदलता येतात, आज एक नाही आला तर दुसरा येतो, आणि कामाचा मोबदला दिलेलाच असतो. मोबदल्याचे उत्तर सोपे आहे. पगार शास्त्रज्ञालाही मिळतो, पण म्हणून त्याचे नाव कोणी खोडत नाही. बदलीच्या मुद्द्याला नवव्या शतकातल्या काश्मीरच्या जयंत भट्टाने ‘न्यायमंजरी’त दिलेले उत्तर मला पटते. ज्ञान होण्याला दिवा, डोळा, वस्तू, मन असे सजीव-निर्जीव पुष्कळ काही लागते. यांतले सर्वांत मोलाचे साधन कोणते, या प्रश्नावर जयंत म्हणतो की एकटे कोणतेच नाही, कारण एकही कमी पडले तरी ज्ञान होत नाही. ज्ञान देते ती संपूर्ण सामग्री. दिवा बदलता येतो म्हणून तो अनावश्यक ठरत नाही. शास्त्रज्ञही बदलतात, निवृत्त होतात, त्यांच्या बदल्या होतात. १९१९ पासून कर्जतचे काम चालले ते कोणा एकामुळे नव्हे. सामग्रीचे सगळे भाग सारखे आहेत असे जयंत म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण ज्यावाचून ज्ञान झालेच नसते त्याला ज्ञानाच्या बाहेर ठेवता येत नाही.

पाचवा आक्षेप मराठी मनाला सर्वांत जवळचा आहे, आणि म्हणून त्याचे उत्तर काळजीने दिले पाहिजे. गीता फळाची आशा न धरता कर्म करायला सांगते. मग शेतावरच्या माणसाने नावाची अपेक्षा का करावी? ज्याचा त्याने धर्म सांभाळावा, श्रेय देवावर सोडावे. पण निष्कामता हे साधकाने स्वतःच्या मनाला लावायचे शिस्तीचे वळण आहे. दुसऱ्याचे देणे चुकवण्यासाठी ते त्याला शिकवले की उपदेश राहत नाही, ती सबब होते. ज्याला फळ मिळालेले आहे त्याने ज्याला मिळाले नाही त्याला अनासक्ती शिकवावी, हे कोणत्याही संताला रुचले नसते. शिवाय त्याच गीतेचा अठरावा अध्याय कर्म घडायला पाच कारणे सांगतो: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या हालचाली आणि दैव. हे असताना जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो त्याची समज कच्ची, असेही तिथे सांगितले आहे. गीतेचा रोख आत्म्याच्या अकर्तेपणाकडे आहे, श्रेयनामावलीकडे नाही, हे मान्य. तरीही त्या शिकवणीचा पहिला अर्थ ज्याचे नाव वर आहे त्याला लागू होतो. अहंकार सोडण्याची सुरुवात वरच्या पायरीवरून व्हायला हवी.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: सगळ्यांचीच नावे घातली तर जबाबदारी कोणाची, आणि इतकी नावे मावणार कुठे? मावण्याची अडचण खरी नाही. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या एका शोधनिबंधाला पाच हजारांहून अधिक लेखक होते. आपल्याकडे २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आणि शेतकऱ्यांच्या गटालाही पैदासकार मानले. मनात आले की कायद्यालाही जागा सापडते. जबाबदारीचा मुद्दा मात्र उलट बाजूने पाहावा. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट बॉइलच्या प्रयोगशाळेचा अभ्यास करताना इतिहासकार स्टीव्हन शेपिन यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की बॉइलच्या लिखाणात मदतनीस बहुधा निनावी असतात आणि प्रयोग फसला, भांडे फुटले की मगच नजरेस येतात. ही रीत आपल्याही ओळखीची आहे. चिठ्ठी चुकली तर ती कोणी बांधली हे लगेच शोधले जाते. हजार चिठ्ठ्या बरोबर बांधल्या तर त्या कोणी बांधल्या हे कोणी विचारत नाही. जो चुकीला उत्तरदायी आहे तो यशालाही कारण आहे. एक मान्य करून दुसरे नाकारता येत नाही. नोंदवहीत प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचे नाव असले तर जबाबदारी विरघळत नाही, उलट ती नेमकी होते.

आता वात्स्यायनाच्या दुसऱ्या अटीकडे वळतो, कारण केंद्राने प्रत्यक्षात काय करावे हे तिच्यातून निघते. आप्ताला जसे पाहिले तसे सांगण्याची इच्छा असावी लागते. ही इच्छा हवेत तरंगत नाही, ती परिस्थितीवर अवलंबून असते. दोन भारे एकत्र झाले हे ज्याच्या लक्षात आले, त्याला ते सांगितल्यावर उद्याची रोजंदारी जाईल अशी धास्ती असेल, तर तो गप्प बसेल आणि तक्त्यात एक खोटा आकडा कायमचा शिरेल. म्हणून कामाची शाश्वती, वेळेवर मजुरी आणि चूक सांगणाऱ्याला शिक्षा न होण्याची हमी ही कामगार-कल्याणाची कलमे आहेत तशीच ती प्रमाणशास्त्राची कलमे आहेत. त्यांच्यावाचून शब्दप्रमाण टिकत नाही. त्याला जोडून पुढची कामे येतात. प्रयोग कशासाठी आहे हे लावणीला येणाऱ्या बाईलाही तिच्या बोलीत समजावून सांगावे, कारण काय शोधायचे हे ठाऊक असलेलाच वेगळे काही दिसले तर ओळखतो. फंग कशान यांनी ते सिद्ध केले आहे. शेतावरच्या माणसांनी पाहिलेले वेगळेपण लिहायला नोंदवहीत जागा असावी. वार्षिक अहवालात आणि वाणाच्या प्रसारण प्रस्तावात, ज्यांची संमती आहे त्यांची नावे आणि त्यांनी नेमके केलेले काम लिहावे. आभाराच्या एका मोघम वाक्यात सगळ्यांना गुंडाळू नये. श्रेय समान असण्याची गरज नाही. ते खरे असण्याची आहे.

विद्यापीठाचे काम सत्य शोधण्याचे. ते सत्य कसे हाती आले याचा वृत्तान्त अर्धवट ठेवणारी संस्था आपल्या कामाच्या मुळाशीच एक असत्य पेरते, मग तिचा वाण कितीही उतारा देवो. कर्जतच्या वाणावर विसंबणारा शेतकरी अखेर त्या अनोळखी माणसांवर विसंबतो, ज्यांनी सहा परागकोश उचलले, भारा वेगळा बांधला, पावसाचे माप पाहिले आणि जे दिसले तेच सांगितले. ठाकूरवाडीतून आलेली बाई आणि दापोलीतून आलेला पैदासकार हे एकाच ज्ञानाचे दोन ज्ञाते आहेत, हे मान्य करायला नवे तत्त्वज्ञान लागत नाही. आपल्याच तर्कशास्त्राने ते दीड हजार वर्षांपूर्वी मान्य केलेले आहे, आणि संशोधन केंद्राने ते नियमात, नोंदवहीत आणि अहवालात उतरवणे हे आता त्याच्याकडे असलेले थकीत देणे आहे.